पोटावरचं कापड

शिंपीणबाई: पांढरं नको, तर मग कसलं हवं? माझ्याकडे तयार झबली आहेत ती सगळी पांढरीच. लग्नातल्या झग्यांची. बायका आणून देतात, कपाटात नुसते पिवळे पडतात म्हणून. हे बघ किती मऊ आहे. हात तरी लाव.

बेकरीवाला: मऊ आहे. पण नको, मावशी. कालपासून बाळ पांढऱ्यातच आहे. पांढरा टॉवेल, पांढरी चादर, भिंतीसुद्धा तशाच. आणि मी बेकरीत कामाला, तिथेही सगळं पांढरंच. आता बघवत नाही पांढरं.

शिंपीणबाई: बरं, राहिलं. बस आधी. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. ते फक्त मला ओळखतं, दुसऱ्याला पाडतं. इकडे बस, पडद्यांचा गठ्ठा सरकव बाजूला. सिस्टरनी पाठवलं ना तुला?

बेकरीवाला: हो. म्हणाल्या, लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक बाई बसतात. लोकांनी टाकलेल्या कपड्यांतून नवे कपडे शिवतात. आणि जी बाळं... जी राहत नाहीत, त्यांना झबली शिवून देतात.

शिंपीणबाई: कितवा महिना होता?

बेकरीवाला: सातवा लागला होता. परवा बायको म्हणाली, हलत नाहीये. मी म्हटलं, झोपली असेल.

शिंपीणबाई: कुणीही तेच म्हटलं असतं.

बेकरीवाला: सकाळी आधी दुकानात गेलो होतो. सगळ्यात लहान मागितलं. तिथली मुलगी म्हणाली, एवढं लहान नका घेऊ, वाढत्या अंगाचं घ्या, महिन्याभरात तोकडं होईल. मी तसाच बाहेर आलो. छत्री तिथेच राहिली.

शिंपीणबाई: राहू दे छत्री. पाणी पी. तांब्या त्या शिवणयंत्रामागे आहे, बटणांच्या बरणीतलं पिऊ नकोस म्हणजे झालं. धुवायला भिजत घातलीत त्यात.

बेकरीवाला: मावशी, एक विचारू? तुमचंही असंच... म्हणजे तुमचंही कुणी गेलं होतं का?

शिंपीणबाई: नाही रे. मला तीन आहेत, तिन्ही धडधाकट, आणि तिघांपैकी एकालाही फोन करायला वेळ नाही. सगळे हेच विचारतात. स्वतःच्या पायात काटा मोडला असेल तरच दुसऱ्याचा काढायचा, असं कुठे आहे? त्या सिस्टर एकदा पँट आखूड करायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाई, आम्ही त्या बाळांना बँडेजच्या कापडात गुंडाळतो हो. मला रात्रभर झोप नाही. माझ्या खोलीत कापड पायात येतंय, आणि तिकडे एवढुशा जिवाला अंगभर कपडा नाही! दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं, बस. त्या पिशवीत काय आणलंयस?

बेकरीवाला: कापड. म्हणजे ड्रेस आहे, बायकोचा. यातून होईल का?

शिंपीणबाई: दाखव. अरे वा, हळदीसारखा रंग आहे की. सुती आहे, धुऊन धुऊन छान मऊ झालाय. हे आताचं कापड नाही, जुनं आहे. आता असं विणत नाहीत.

बेकरीवाला: जुन्या कपड्यांच्या ढिगातून काढला होता तिनं. मी म्हटलं, कुणाचा तरी टाकलेला, कशाला घेतेस? तर म्हणाली, टाकणारीला कळलं नाही, त्यात माझा काय दोष.

शिंपीणबाई: शहाणी आहे. आणि ही बाजूला निळी पट्टी कुणी घातली? शिलाई किती वाकडी!

बेकरीवाला: तिनंच. पोट दिसायला लागल्यावर ड्रेस बसेना. दुसरे होते, पण हिला हाच हवा. मग दोन्ही बाजू उसवल्या आणि पट्ट्या घातल्या. माझा शर्ट होता, कॉलर विरलेला, त्याच्या आहेत. मला दाखवत म्हणाली, बघ, आता तूसुद्धा दोन्हीकडून धरलंयस.

शिंपीणबाई: आणि आत एवढं कापड का दुमडून ठेवलंय? हा बघ, चांगला हातभर शर्ट आत दाबलाय.

बेकरीवाला: ते पुढच्यासाठी. अजून वाढेल, मग सोडायचं, असं म्हणाली होती.

शिंपीणबाई: हं.

बेकरीवाला: होईल ना यातून?

शिंपीणबाई: कापडाचं काय, होईल. माप हवं. सिस्टरनी लांबी सांगितली का?

बेकरीवाला: सांगितली असेल. माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. पण मी घेतलं होतं तिला. या हातावर. डोकं इथे, तळव्यात. आणि पाय इथे आले होते, कोपराच्या जरा अलीकडे.

शिंपीणबाई: बाही वर कर. हात तसाच धर. अगदी तस्साच, तेव्हा धरला होतास तसा. इथे पाय?

बेकरीवाला: इथे. थोडं अलीकडे. हां.

शिंपीणबाई: आणि अंगानं? हाताच्या बाहेर येत होती?

बेकरीवाला: नाही. हातावर मावत होती. मावशी, मला हातावर वजन कळतं. मोठ्या पावाचा गोळा मी तराजूवर घालत नाही, नुसता उचलून सांगतो. सिस्टर तिला वजन करायला नेत होत्या, तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, मला माहितीये म्हणून. रोज तेवढंच तर उचलतो. आता कामावर गेलो की पहिला गोळा उचलताना...

शिंपीणबाई: आज जायचंय कामावर?

बेकरीवाला: नाही. मालक म्हणाले, सावकाश ये.

शिंपीणबाई: मग त्या दिवशीचं त्या दिवशी बघ. हात खाली घे आता, दुखेल. झालं माप. तिला ठाऊक आहे ना, तू हा ड्रेस आणलायस ते?

बेकरीवाला: कुणाला?

शिंपीणबाई: ज्या बाईचा ड्रेस आहे तिला.

बेकरीवाला: नाही. घरी जाऊन कपाटातून काढला. ती बोलतच नाहीये, मावशी. कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. तिनं बघितलंही नाही बाळाला. सासूबाई म्हणाल्या, बघू नकोस, डोळ्यांसमोरून जाणार नाही. माझी आईही तेच म्हणाली. आमचं लग्न झाल्यापासून दोघींचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, ते काल जमलं.

शिंपीणबाई: आणि तू?

बेकरीवाला: मी काय बोलणार दोघींपुढे? मी बघून आलो, तेही त्यांना सांगितलेलं नाही. दुपारी बाळाला नेणार आहेत. म्हटलं, तिच्या अंगावर आईचं काहीतरी असू दे. बायकोला नंतर सांगेन कधीतरी. तुम्ही कापा ना. वेळ जातोय.

शिंपीणबाई: मी नाही कापणार.

बेकरीवाला: का?

शिंपीणबाई: फोन लाव तिला.

बेकरीवाला: अहो, ती उचलणार नाही. आणि उचलला तरी काय सांगू? तुझा ड्रेस कापतोय? आधीच तिची अशी अवस्था.

शिंपीणबाई: हेच सांग.

बेकरीवाला: एक ड्रेस आहे, मावशी! जुन्या ढिगातला! उद्या मी तिला दहा आणून देईन. तुम्ही रोज इथे लोकांचे कपडे फाडत बसता आणि माझ्याच वेळेला—

शिंपीणबाई: ओरड. ओरडून घे. इथे कुणाला ऐकू जात नाही, पुढे धुण्याची यंत्रं चालू आहेत.

बेकरीवाला: ...चुकलं माझं.

शिंपीणबाई: काही चुकलं नाही. ऐक. मी फाडते ते लोकांनी टाकलेले. हा टाकलेला नाही, हा कपाटात होता. त्या पोरीकडून एवढं मोठं गेलं, ते तिला कुणी विचारून नाही गेलं. बघायचं की नाही, तेही बाकीच्यांनी ठरवलं. आता तिच्या कपाटातला कपडाही न विचारता जाऊ दे म्हणतोस? माझ्या हातून नाही व्हायचं. नाही म्हणाली, तर या गठ्ठ्यातलं तुला हवं ते कापड काढ, मी लगेच बसते. पण आधी फोन लाव.

(तो फोन लावतो. बराच वेळ कुणी उचलत नाही. मग आवाज येतो. तो फोन दोघांच्या मधे, कापायच्या टेबलावर ठेवतो.)

बायको: कुठे आहेस?

बेकरीवाला: अगं... उचललास. कशी आहेस?

बायको: आई चहा आणायला गेलीय. कुठे आहेस तू? सगळे विचारतायत.

बेकरीवाला: एका शिंपीणबाईंकडे आलोय. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, लाँड्री आहे ना, तिथे. तिला झबलं शिवून घ्यायला.

बायको: कुणाला?

बेकरीवाला: तिला. ऐकतेयस का? मी तुझा पिवळा ड्रेस आणलाय. त्यातून शिवावं म्हटलं. बाई म्हणतात, तुला विचारल्याशिवाय कात्री लावणार नाही.

बायको: पिवळा?

बेकरीवाला: हो.

बायको: पिवळा कशाला आणलास? मी काय घालून घरी येऊ?

बेकरीवाला: दुसरा कुठला तरी आणतो ना मी. निळा आहे, तो चौकड्यांचा आहे.

बायको: तो होणार आहे का मला? तुला काही कळतं का? माझं पोट अजून तसंच आहे. आत कुणी नाही, पण ते तसंच आहे. दुसरं काही चढत नाही मला. तेवढा एकच होतो.

बेकरीवाला: माझ्या लक्षातच आलं नाही गं.

बायको: कुणाच्याच लक्षात येत नाही.

शिंपीणबाई: पोरी, मी बोलतेय. शिवणारी. तुझा ड्रेस अख्खा आहे बरं का, एक टाकासुद्धा उसवलेला नाही. तुला सोडायचा नसेल तर हा आत्ता परत घेऊन येईल. माझ्याकडे कापडं रगड आहेत.

बायको: ...तुम्ही काय करणार होतात त्याचं?

शिंपीणबाई: खालच्या घेराचं एक वीतभर काढलं तरी तिला पुरतंय. बाकी ड्रेस तुला राहील, जरा आखूड होईल एवढंच. घालून घरी येता येईल.

बायको: खालचं?

शिंपीणबाई: हो, खालून. कुणाला कळणारही नाही.

बायको: खालचं नको.

शिंपीणबाई: बरं बाई. नको तर नको.

बायको: खालचं नुसतं पायांवर लोंबायचं. त्याचा तिच्याशी काय संबंध? पुढचं घ्या. पोटावरचं. ती तिथे होती.

बेकरीवाला: अगं, मग तुझा ड्रेस...

बायको: पुढे दुसरं काहीतरी जोडा. चादर, पडदा, काहीही असू दे. पण दुपारपर्यंत होईल का? मला तेच घालायचंय.

शिंपीणबाई: न व्हायला काय झालं? रंगाला रंग जुळेल असं बघते. इथे एक पडदा आहे, पिवळसरच आहे. शिलाई आतून घेतली की जोड दिसणार नाही.

बायको: दिसू दे.

शिंपीणबाई: दिसू दे?

बायको: हो. सगळे म्हणतायत, काही झालंच नाही असं समज. मला तसं घरी यायचं नाही. जोड दिसू दे.

शिंपीणबाई: मग निळ्या रंगाचं लावते. गडद.

बायको: आणि बाजूची पट्टी... त्याच्या शर्टाची. मी आत दुमडून ठेवलंय थोडं.

शिंपीणबाई: बघितलं मी. बऱ्यापैकी आहे.

बायको: ते आता लागणार नाही. त्याच्या बाह्या होतील का?

शिंपीणबाई: दोन्ही होतील. एवढ्याशा तर बाह्या.

बायको: एवढ्याशा म्हणजे केवढ्या?

शिंपीणबाई: ते मला विचारू नकोस. मी फक्त तुझ्या नवऱ्याचा हात मोजलाय. बघून तो आलाय.

बायको: तू बघून आलास?

बेकरीवाला: हो. काल, तू झोपली होतीस तेव्हा. सांगणार होतो.

बायको: घेतलंस तिला?

बेकरीवाला: घेतलं.

बायको: कशी आहे?

बेकरीवाला: लहान आहे. पण सगळं आहे, गं. नखं आहेत. भुवया आहेत, एकदम बारीक, पेन्सिलीनं काढल्यासारख्या. केस ओले होते, सिस्टरनी पुसले तर कपाळावर आले. आणि डावा कान तुझ्यासारखा आहे. वरून दुमडलेला.

बायको: डावा?

बेकरीवाला: डावा. तू सारखी केसांखाली लपवतेस तो.

बायको: भीती वाटते का रे बघून?

बेकरीवाला: आत जाईपर्यंत वाटली. हातात घेतल्यावर नाही वाटली. मग ठेवून येताना वाटली.

बायको: आई म्हणते, बघितलंस तर कायमचं डोळ्यांसमोर राहील.

बेकरीवाला: राहील.

बायको: मला ती दिसत नाही, म्हणून रात्रभर काहीतरी भलतंच दिसत होतं. झबलं कोण घालणार आहे तिला?

बेकरीवाला: सिस्टर घालतील. नाहीतर मी.

बायको: तू? तुला स्वतःच्या शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत.

शिंपीणबाई: बटणं नसतात त्याला, पोरी. ते मागून सगळं उघडं असतं. नुसतं वरून पांघरायचं, हात हळूच बाह्यांत घ्यायचे आणि मागे बंद बांधायचे. तिला उचलावंसुद्धा लागत नाही, जरा कुशीवर केलं की पुरे.

बायको: मला सांगा परत. हात आधी की मान आधी?

शिंपीणबाई: आधी हात. तुझी दोन बोटं बाहीतून उलटी घालायची, तिचा हात धरायचा आणि बाही तिच्या हातावर ओढायची. तिचा हात ओढायचा नाही. मग दुसरा. मग बंद.

बायको: बाही ओढायची, हात नाही.

शिंपीणबाई: शाबास.

बायको: आई आली वाटतं... तू लवकर ये. आणि सिस्टरना सांग, मी येईपर्यंत तिला नेऊ नका. नको, थांब. मीच सांगते. मला चालता येतंय.

बेकरीवाला: अगं, सावकाश... ठेवला फोन.

शिंपीणबाई: ठेवू दे. आता रडायचं असेल तर रड, पण ड्रेस ओला करू नकोस, कात्री नीट चालत नाही. आणि हे पातं घे. त्या पट्टीचा आतला टाका उसवायला लाग.

बेकरीवाला: मी?

शिंपीणबाई: मग कोण? मी पुढचा भाग बेतते तोवर. धागा ओढू नकोस, एकेक टाका काप. किती घट्ट घातलेत बघ! जसं काही जहाजाचं शीड शिवतेय.

बेकरीवाला: तिला सुई कशी धरायची माहीत नव्हतं. सांगून सांगून बोटं टोचून घ्यायची. इथे बघा, रक्ताचा डाग आहे.

शिंपीणबाई: तो जाणार नाही आता.

बेकरीवाला: असू दे. बाहीत आला तर चालेल?

शिंपीणबाई: आतल्या बाजूला घेते. चालेल. हा बघ, मी लावतेय कात्री. बघायचं नसेल तर मान वळव.

बेकरीवाला: बघतो.

शिंपीणबाई: झालं. एवढंच तर होतं.

बेकरीवाला: केवढं भोक पडलं.

शिंपीणबाई: पडतंच. त्याला मी निळं लावते ना. तो वरचा गठ्ठा ओढ, शाळेच्या पडद्यांचा. तो नको, तो उन्हानं विटलाय. त्याच्या खालचा. हां.

बेकरीवाला: तुम्ही मशीनवर नाही शिवत?

शिंपीणबाई: तुझ्या बायकोचा ड्रेस मशीनवर करीन. हे हातानं. मशीनची शिलाई आतून कडक लागते. आणि एवढ्या लहान गळ्याला मशीनचा पाय बसतच नाही.

बेकरीवाला: ती टोचली तरी तिला काय कळणार आहे, मावशी.

शिंपीणबाई: तिला नसेल कळत. तुझी बायको आतून बोट फिरवून बघेल, तिला कळेल. सगळ्या बघतात.

बेकरीवाला: तुम्ही आणखी कुणाला असं करून दिलंय? त्यांच्या आयांनी स्वतः घातलं?

शिंपीणबाई: काहींनी घातलं. काहींना नाही जमलं. एक दारापर्यंत जाऊन परत आली. ज्यांना नाही जमलं, त्यांनाही मी वाईट म्हणत नाही. तुझी पण तिथे जाऊन नको म्हणाली, तर तिला काही बोलू नकोस.

बेकरीवाला: नाही बोलणार.

शिंपीणबाई: आणि तुझ्या आईला आणि सासूलाही बोलू नकोस. त्या भीतीनं सांगतात. त्यांनी कुणाकुणाचं काय बघितलं असेल, तुला काय माहीत.

बेकरीवाला: आमची आई कधीच काही सांगत नाही.

शिंपीणबाई: मग तर नक्कीच बघितलं असेल. दोरा दे तो. पिवळा नको, निळा दे. सुईत ओवून दे मला, माझे डोळे आता सकाळपुरतेच चालतात.

बेकरीवाला: जात नाहीये दोरा.

शिंपीणबाई: जाईल. नेढं मोठं आहे सुईचं. हां, गेला की! दे.

बेकरीवाला: बाह्या अशाच राहतील? एक जरा लांब वाटतेय.

शिंपीणबाई: लांब आहे खरी. तू वाकडं उसवलंस, तिनं वाकडं शिवलं होतं, मी कुठवर सरळ करू? दुमडते थोडी. आता दोन्ही सारख्या. बघ. आवडलं नाही?

बेकरीवाला: आवडलं. खरंच कुणाचं तरी आहे असं वाटतंय.

शिंपीणबाई: ड्रेसलाही निळं मशीनवर लावून झालं, आता इस्त्री करते, मग ने. ड्रेसची घडी कर, झबलं त्याच्यावर ठेव आणि दोन्ही हातांत धर. पिशवीत घालू नकोस, चुरगळेल. आणि पुढच्या दारानं जा, मागच्या जिन्यात पाणी सांडलंय, घसरशील.

बेकरीवाला: मावशी, मी काय बोलू तुम्हाला...

शिंपीणबाई: काही बोलू नकोस. ती वाट बघत असेल, पळ. पुढच्या दाराला कडी आहे, दोन्ही हात अडकलेत तुझे, कुणालातरी उघडायला सांग.

बेकरीवाला: (पुढे लाँड्रीत, दाराशी) बाई, जरा दार उघडता का? हात मोकळे नाहीत माझे.

गिऱ्हाईक: उघडते की! थांबा, माझी कपड्यांची पिशवी बाजूला घेते. अगं बाई, केवढंसं झबलं ते! आणि बाह्या निळ्या, किती गोड! घरचंच शिवून घेतलंत का?

बेकरीवाला: हो, घरचंच कापड आहे.

गिऱ्हाईक: छान केलंत. काय झालं, मुलगा की मुलगी?

बेकरीवाला: मुलगी. आम्हाला मुलगी झाली.